कासवाच्या पिल्लाची पेटी रात्रीत कोरडी पडते? पाणी वाढवू नका, आधी झाकण बघा

“मामा, परत पस्तीस!”

मागच्या हिवाळ्यात रोज रात्री साडेदहाच्या सुमारास इंदूरच्या राजेंद्रनगरहून भाचीचा हा निरोप यायचा, सोबत हायग्रोमीटरचा, म्हणजे हवेतली ओल टक्क्यांत दाखवणाऱ्या मीटरचा फोटो. नऊ वाजता तिनं स्प्रेच्या बाटलीनं पेटीभर फवारलेलं असायचं, तेव्हा आकडा नव्वदीत. दीड तासात पस्तीस. पुन्हा फवारा, पुन्हा नव्वद, मग पहाटे चारचा गजर लावून आणखी एक फवारा. आणि ज्याच्यासाठी हे चाललेलं, ते तळहातावर मावणारं सुलकाटा कासवाचं पिल्लू कोपऱ्यात डोळे मिटून पडलेलं. रंगावरून त्याचं नाव पडलंय नानकटाई. अडीच महिन्यांत त्याच्या पाठीवरच्या चकत्या मधोमध फुगून टेंगळं दिसायला लागली, तेव्हा ती पेटीच उचलून माझ्याकडे घेऊन आली.

मी प्राण्यांचा डॉक्टर नाही. मल्हारगंजात माझं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. उभा जन्म थंडी आत कोंडण्यात गेला. पण पेटी पाहिली आणि दुखणं लगेच ओळखीचं वाटलं: दाराचं रबर गेलेला फ्रिज. फरक एवढाच, की इथे गळत होती ती ऊब, आणि उबेच्या मागोमाग ओल. त्यानंतर हीच तक्रार घेऊन आणखी तीन पेट्या आल्या. तिन्ही ठिकाणी मंडळी इमानेइतबारे पाणी वाढवत होती. दर वेळी तेच तेच बोलण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं.

त्याआधी कागदाचं. हे सगळं आफ्रिकेतल्या सुलकाटाबद्दल आहे. आपल्याकडचं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव कुणी “घरात शुभ असतं” म्हणून देऊ केलं तर घेऊ नका. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं सरळ गुन्हा. सुलकाटा परदेशी असलं तरी सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतं, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. एका हातातून दुसऱ्या हातात गेलं तरी कळवावं लागतं. नानकटाईचे कागद आहेत. आणि हो, हे पिल्लू पुढे चाळीस-पन्नास किलोंचं होतं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. भाचीला हे दहादा सांगून झालं, तिचं उत्तर ठरलेलं: “तेव्हाचं तेव्हा बघू, मामा.”

वाळवंटातलं कासव, मग त्याला ओल कशाला?

हा प्रश्न सगळेच विचारतात, मीही विचारला होता. सुलकाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, हे खरं. पण ते दिवसभर त्या उन्हात बसत नाही. बिळात जातं, आणि बिळाच्या आत माती ओलसर असते. पिल्लं तर उघड्या कोरड्या हवेत दिसतच नाहीत, कुठल्यातरी झुडपाच्या बुंध्याशी, मातीत दबून असतात. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातला एक अभ्यास छापून आला. सुलकाटाची ५० पिल्लं वेगवेगळ्या दमटपणात आणि कमी-जास्त प्रथिनांच्या खाण्यावर पाच महिने वाढवली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर टेंगळं जास्त आली. प्रथिनांनी फारसा फरक पडला नाही. तोवर सगळा दोष खाण्यावर जायचा. आजही दुकानदार तेच सांगतात, आणि वर कॅल्शियमची बाटली गळ्यात मारतात.

तेव्हा पिल्लाला पहिली दोन वर्षं हवं काय? ओल ८० टक्क्यांच्या वर, दिवसा पेटीत २८ ते ३० अंश, ऊन शेकायच्या जागी ३५ ते ३७, आणि रात्री २७ च्या खाली नाही. शेवटचा आकडा आपल्या गावात सगळ्यात अवघड. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं कौतुक कवींनी करावं. सराफ्यात रात्री अकराला गरम गराडू खाताना मलाही ती थंडी आवडते. पण डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचा पारा दहाच्या आसपास येतो, आणि या पिल्लाला ती रात्र सोसत नाही.

आता मूळ भानगड. हवा तापवली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. खोलीत १८ अंश आणि ओल ५० टक्के आहे असं धरा. तीच हवा पेटीत शिरली आणि ३० अंशांवर गेली, की हायग्रोमीटर २४ दाखवेल. पाण्याचा थेंबही कमी झालेला नाही, तरी आकडा निम्म्यावर. बाहेर दहा अंशांचं दाट धुकं असलं, शंभर टक्के ओल, तरी ती हवा तापून तीसच्या खालीच येते. म्हणजे हिवाळ्यात बाहेरची हवा आत येऊ दिली तर पेटीत कोरडेपणाच येणार, तुम्ही कितीही फवारा.

आणि ती येते कुठून? भाचीची पेटी म्हणजे चार फुटी फिश टँक, वर जाळीचं झाकण, जाळीवर अल्युमिनियमच्या टोपीतला बल्ब. बल्ब तापला की गरम दमट हवा जाळीतून वर जाते, तिच्या जागी खोलीतली गार हवा खाली उतरते. चुलीवरचं धुराडं असंच चालतं. ती रात्रभर धुराड्याला पाणी पाजत होती.

आकडा खरा आहे का, ते आधी तपासा

पहिल्याच दिवशी मी हायग्रोमीटरवर संशय घेतला, आणि बरं झालं. काट्याचे गोल चिकटवायचे हायग्रोमीटर मिळतात ना, त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पावसाळ्यात आपल्या डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, ते ओल साधारण ७५ च्या पुढे गेली की. हाच गुण वापरायचा. बाटलीच्या बुचात दोन चमचे साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. विरघळता कामा नये. ते बूच आणि हायग्रोमीटर घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी शेजारी ठेवून डबा रात्रभर बंद. सकाळी आकडा ७५ पाहिजे. भाचीचा काट्याचा हायग्रोमीटर ५८ वर अडकलेला, डिजिटल ७१. म्हणजे डिजिटलवर चार मिळवून वाचायचं आणि काट्याचा टाकून द्यायचा. तो तिनं टाकला नाही, शोभेला ठेवलाय.

ठेवायची जागाही महत्त्वाची. पेटीच्या वरच्या काचेला चिकटवलेला मीटर काचेजवळची हवा सांगतो. पिल्लू राहतं जमिनीपासून दोन इंचांवर. सेन्सरची वायर त्याच्या पाठीच्या उंचीवर, गार बाजूला. भुशात पुरलेला नको, बल्बच्या खाली तर अजिबात नको.

मग गळती. नानकटाईला बाहेरच्या टबात ठेवून पेटीत बल्ब अर्धा तास चालू ठेवला आणि सगळ्या सांध्यांजवळून उदबत्ती फिरवली. जिथे धूर सुतासारखा बाहेर ओढला जातो तिथे भोक. नंतर पेटी उघडी टाकून धूर पूर्ण जाऊ द्या, पिल्लाच्या फुफ्फुसाला तो नको. सरकत्या दारांच्या पेटीसाठी आमची धंद्यातली युक्ती: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे सील नाही. फ्रिजचं रबर आम्ही असंच बघतो.

दुरुस्ती

झाकणावर वेळ घालवा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. जाळी काढली आणि ६ मिलिमीटरची ॲक्रिलिकची शीट टँकच्या मापाची कापून घेतली, पुढे उघडायला पियानो बिजागरी. ॲक्रिलिक उष्णतेनं वाकतं, म्हणून बल्ब त्याच्यापासून वीतभर तरी लांब हवा. तो आता पेटीच्या आत, साखळीनं टांगलेला. “मग त्याला श्वास कसा घेता येणार?” असं ताई, म्हणजे भाचीची आई, घाबरून म्हणाली. साडेचारशे लिटर हवेची पेटी आणि आत पन्नास ग्रॅमचा जीव. शिवाय खायला घालायला, काढायला दिवसातून चारदा झाकण उघडतंच. वायरी जातात त्या फटी मी मुद्दाम बुजवल्या नाहीत, तेवढं पुरतं.

नवी पेटीच करणार असाल तर टँकच्या नादी न लागता वॉटरप्रूफ प्लायची चार बाय दोनची करा, आतून इपॉक्सीचा हात, सांध्यांत सिलिकॉन. वास पूर्ण जाईपर्यंत, पंधरा दिवस तरी, पिल्लू आत सोडू नका. एकानं जुन्या काचेच्या दाराच्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजचं धूड मागितलं. आत पफचा फोम भरलेला असतो, ऊब झकास धरते, पण ते उभं असतं. कासवाला जमीन लागते, मजले नाहीत. आडवं पाडून करतात काही लोक. मी नाही करून दिलं.

रात्रीच्या उबेला उजेड नसलेला सिरॅमिक हीटर घ्या. तांबड्या बल्बनं कासवाला रात्र झाल्याचं कळत नाही आणि नीट झोप लागत नाही. सिरॅमिकला आटेवाला होल्डर लागतो आणि तो चिनी मातीचाच हवा. महाराणी रोडला मागितला की दुकानदार आधी बेकेलाइटचा पुढे करतात, “भिया, सब चलता है.” नाही चालत. महिनाभरात ठिसूळ होऊन तडकतो.

थर्मोस्टॅट म्हणून एसटीसी-१००० चालतो, आम्ही फ्रिजला लावतो तोच. पण एक चूक मी दोनदा पाहिली. त्याच्या मागे पाच-सहा नंबरचे पॉइंट हीटरचे, सात-आठ नंबरचे कूलिंगचे. फ्रिजवाल्याकडून जोडून घेतलं तर हात सवयीनं सात-आठवर जातो. मग पेटी तापली की हीटर चालू आणि गार पडली की बंद! जोडल्यावर सेन्सर मुठीत धरून बघा: आकडा वर गेला की हीटर बंद पडला पाहिजे. सेटिंगमध्ये एफ-१ ला २८ अंश, एफ-२ ला फरक १.

आणि कृपा करून एकाच थर्मोस्टॅटवर विसंबू नका. आतल्या रिलेचे, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या स्विचचे पॉइंट कधीतरी चिकटतात, मग हीटर बंदच होत नाही. फ्रिजमध्ये असं झालं तर दुधाचा बर्फ होतो, पेटीत झालं तर पिल्लू भाजून निघतं. त्याच वायरीवर पुढे दुसरा कंट्रोलर लावून त्याला ३३ वर कटऑफ द्या. चार-पाचशे रुपयांचं काम आहे.

ओल हवेत मारायची नाही, अंथरुणात भरायची. नर्सरीत कोकोपीटची पाच किलोची वीट मिळते. ती फुगून चार बाय दोनच्या पेटीत चार इंच थर बसतो. वीट धुतलेल्या कोकोपीटची घ्या, नाहीतर घरी दोन-तीन पाण्यांतून काढा. कच्च्यात मीठ असतं. खत मिसळलेलं नको. मग हातानं चेपून चेपून बसवा. सैल राहिलं तर पिल्लाच्या डोळ्यांत जातं, आणि लवकर वाळतंही. वरच्या थराची मूठ आवळली तर लाडू वळला पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. पाणी द्यायचं ते कोपऱ्यातून, तांब्यानं, कोमट, आठवड्याला दीड-दोन लिटर. ते तळाशी पसरतं आणि उबेनं हळूहळू वर येतं. वरचं अंग ओलसर, तळ ओला. एवढं झालं की स्प्रेची बाटली कपाटात.

झाकण बसवलं त्या रात्री भाचीचा निरोप आला नाही. मीच अकराला फोन केला. “मामा, ब्याऐंशी. मघापासून ब्याऐंशीच आहे. मीटर बंद पडलाय का?”

फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र घ्यावं का, असं विचारणारे बरेच. माझं मत विरुद्ध आहे. तो गार धूर सोडतो, पेटी थंड करतो, आणि पाणी जड असलं तर सगळीकडे पांढरी पूड बसते. तीच पिल्लाच्या नाकात. ज्या पेटीचं झाकण बरोबर आहे तिला फॉगर लागत नाही, ज्या पेटीचं चुकीचं आहे तिला पुरत नाही.

ओल आहे, ऊब आहे, तरी पिल्लू सुस्त

नाकाशी बुडबुडे, मान लांब करून उघड्या तोंडानं श्वास, ही सर्दी म्हणून सोडू नका. बहुतेक वेळा कारण ओल नसून गारवा असतो. ओल आणि ऊब बरोबर असली तर पिल्लू ठणठणीत; ओल आणि थंडी एकत्र आली की फुफ्फुस धरतं. पहिलं काम पेटी दिवस-रात्र ३० वर नेणं आणि दुसरं काम सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर गाठणं. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गावातलं कुणी ओळखीचं नसेल तर तिथे चौकशी करा. कबुतराला दिलेलं औषध अंदाजानं देऊ नका.

पोटाकडच्या कवचावर लाल किंवा पांढुरके डाग, मऊ जागा किंवा कुबट वास असेल तर अंथरूण चिखल झालंय. वरचा थर बदला, ओल कमी न करता पाणी खाली राहील असं बघा, आणि डाग डॉक्टरला दाखवा.

डोळे मिटून असेल तर यूव्हीबीचा (उन्हातल्या अतिनील किरणांचा) पिळाचा सीएफएल दिवा लावलाय का ते बघा. त्यानं डोळे दुखल्याच्या तक्रारी फार. लांब ट्यूब घ्या, नाहीतर सरळ ऊन. काचेतून किंवा ॲक्रिलिकमधून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, यूव्हीबी काच अडवते. भाची सकाळी ऊन चढल्यावर टबात अर्धी सावली करून वीस मिनिटं गच्चीवर नेते, वर जाळी टाकून, कारण कावळे आणि घारी टपलेल्या असतात. काचेच्या टँकसकट उन्हात कधीही ठेवू नका. दहा मिनिटांत भट्टी होते.

आणि रोजची अंघोळ. पसरट परातीत कोमट पाणी, कवचाच्या खालच्या कडेपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं. तान्ह्या बाळाचं पाणी आजी कोपरानं बघतात तसंच बघायचं. पिल्लू त्यातच पाणी पितं, त्यातच घाण करतं. ही अंघोळ चुकली तर पेटीत ओल नव्वद असूनही ते आतून कोरडं पडू शकतं. कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते असं आपण कीर्तनात ऐकत आलो. आपल्याला ती सोय नाही. स्वैपाकघरातल्या वजनकाट्यावर दर रविवारी ठेवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. सलग दोन आठवडे वजन घटलं तर काहीतरी बिघडलंय.

खाण्याचं थोडक्यात, कारण त्यात आपण नशीबवान: गणपतीला लागतं तेच याला लागतं. दूर्वा, जास्वंदीची पानं-फुलं. तुतीची पानंही. औषध न मारलेल्या जागचं सगळं. पालक, टोमॅटो, फळं, कुत्र्याचं खाणं नको. कॅल्शियमला काष्ठौषधीवाल्याकडचा समुद्रफेन पेटीत ठेवून द्या, हवा तेव्हा कुरतडतं.

एप्रिल-मेमध्ये गणित उलटतं. बाहेर बेचाळीस, हवा खडखडीत. हीटर दिवसा लागतच नाही, पण झाकण उघडून “हवा देऊ” म्हटलं की लू आत येते आणि दोन तासांत सगळी ओल घेऊन जाते. झाकण बंद ठेवा आणि पेटीच तळमजल्यावर किंवा उत्तरेकडच्या खोलीत हलवा. थेट कूलरसमोर नको. पावसाळ्यात मात्र पेटी आपोआप चालते. आपले पापड सादळतात तेव्हा नानकटाईचे दिवस.

थंडीत रात्री वीज गेली तर? इन्व्हर्टरवर साठ वॉटचा सिरॅमिक चालतो, पण फॅन आणि टीव्ही बंद करा. नसेल तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून पेटीत, वरून गोधडी.

नानकटाईची जुनी टेंगळं गेली नाहीत, ती सपाट होत नाहीत. पण झाकण बदलल्यानंतर चकत्यांच्या कडेनं जी फिकट नवी वाढ आली ती गुळगुळीत आहे, नख फिरवलं तर कळतं. ५२ ग्रॅमचं होतं, परवाच्या रविवारी १६८.

एकच गोष्ट माझ्या हातून पूर्ण सुटलेली नाही: चिलटं. ओल्या कोकोपीटवर ती येतातच. पिल्लाला काही करत नाहीत, पण ताईच्या चहात पडतात. उरलेलं खाणं त्याच दिवशी काढायचं, वरचा थर दोन-तीन दिवसांनी हातानं उलटा करायचा, आणि पेटीच्या बाहेर पिवळी चिकट पट्टी टांगायची. आत टांगू नका. एकदा नानकटाई तिला चिकटलं होतं, आणि खोबरेल तेलानं एकेक पाय सोडवायला आम्हाला अर्धा तास लागला.